लग्नाच्या कॅसेटवर मॅच : घरच्या रेकॉर्डिंगची आणि त्याच्या कुलपाची गोष्ट

मोबाईलवर एखादी मालिका चालू असताना तिचा स्क्रीनशॉट काढून बघा. बहुतेक ओटीटी ॲपमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल. खालचं सबटायटल येतं, मधलं पॉजचं बटण येतं आणि चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन.

पुसदच्या माझ्या आत्याला हा काळा चौकोन गेल्या वर्षी पहिल्यांदा भेटला. मालिकेतल्या नायिकेच्या ब्लाउजची बाही तिला टेलरबाईला दाखवायची होती. तीनदा प्रयत्न करून झाल्यावर तिने मला फोन केला. "मोबाईल माहा, पैसे मी भरले, अन् फोटो काऊन नाही निघत रे?"

मी समजावून सांगायला लागलो, की चित्राला कुलूप असतं, कंपनी ते लावते, कॉपी होऊ नये म्हणून. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आमच्या भजनाचं झालं तसंच."

भजनाचं झालं ते असं. आत्याचं बारा बायकांचं भजनी मंडळ आहे. काही वर्षांपूर्वी एका मराठी चॅनलवरच्या कार्यक्रमात त्यांना गायला मिळालं. सगळ्या जणी एकसारख्या जांभळ्या साड्या नेसून, पेटी-मृदंग घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेल्या आणि गाऊन आल्या. कार्यक्रम लागला त्या दिवशी आत्याने रिमोटवरचं लाल बटण दाबून तो डीटीएचच्या बॉक्समध्ये साठवून ठेवला. रेकॉर्डिंगवाला बॉक्स तिने मुद्दाम जास्त पैसे देऊन घेतला होता. पुढची दोन वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ते भजन दाखवलं गेलं. मग एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि बॉक्स बंद पडला. कंपनीचा माणूस आला, नवा बॉक्स लावला आणि जुना उचलून निघाला. रेकॉर्डिंगचं विचारल्यावर म्हणाला, "ते गेलं काकू. काढता येत नाही, लॉक असते त्याले."

काकूंनी कॅसेटचा जमाना पाहिलेला होता. आपण रेकॉर्ड केलेली गोष्ट आपल्या घरात असूनही आपली नसते, हे त्यांना पटेना. हे कुलूप कुठून आलं, ते बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आधीचं कुलूप : डोंगर आणि किंमत

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. गाव गहुली, तालुका पुसद. म्हणजे राज्य चालवणारा माणूस पुसदचा, राज्यात टीव्ही आलेला, पण पुसदला टीव्ही नाही. कारण अगदी साधं होतं. टीव्हीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्या मुंबईच्या आसपासच संपायच्या. मधे सह्याद्री, मराठवाडा, आणि त्याच्या पलीकडे पूस नदीकाठचं डोंगरांमधलं हे गाव.

हे अंतर कमी झालं ते उपग्रहामुळे. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांबरोबर रंगीत प्रसारण आलं. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला. १९८४ साली तर काही महिने देशात जवळपास रोज एक नवा छोटा ट्रान्समीटर उभा राहत होता. गच्चीवर किंवा टिनांच्या छपरावर अँटेना आले. एकाने वर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने अंगणातून "आलं का?" विचारायचं आणि तिसऱ्याने घरातून "मुंग्या हाय अजून" म्हणून ओरडायचं.

हा सिग्नल मोकळा होता. त्याला ना कार्ड, ना पासवर्ड. ज्याच्याकडे अँटेना, त्याला चित्र. आणि ज्याच्याकडे व्हीसीआर, त्याला ते चित्र टेपवर धरूनही ठेवता येत होतं. अडचण इतकीच, की व्हीसीआर फार थोड्यांकडे होता.

आमच्या भागात 'व्हिडिओ आणला' म्हणजे टीव्ही आणि प्लेअर एका रात्रीसाठी भाड्याने आणला. बारसं, गणपती, मुलाची नोकरी, काहीही निमित्त पुरायचं. अंगणात सतरंजी पडायची आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर चालायचे. भाड्याने येणारं यंत्र बहुतेक वेळा व्हीसीआर नसून व्हीसीपी असायचं. शेवटच्या अक्षरातच सगळा फरक होता. 'आर' म्हणजे रेकॉर्डर, 'पी' म्हणजे नुसता प्लेअर. तो स्वस्त होता, कारण त्यात रेकॉर्डिंगचा भागच नव्हता. त्यामुळे रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की पुसदच्या बहुतेक घरांपुढे एकच पर्याय होता: त्याच वेळी बघा, आणि लाईन गेली तर सोडून द्या. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळातले कितीतरी रविवार महाराष्ट्रातल्या गावांनी विजेच्या खांबाकडे बघत काढले असतील.

एक प्लास्टिकचा तुकडा

थोड्या वर्षांनी आमच्या घरात खराखुरा व्हीसीआर आला. काकांनी कुणाकडून तरी वापरलेला घेतला होता. त्याच्याबरोबर कोऱ्या कॅसेट आल्या. त्यांच्यावर 'ई-१८०' लिहिलेलं असायचं, म्हणजे १८० मिनिटं, तीन तास. गाण्यांची कॅसेट दुकानातून 'भरून' आणायची सवय सगळ्यांना होतीच. आता टीव्हीही भरून ठेवता येऊ लागला.

व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असायचा. व्हीसीआरच्या आत एक खटका असतो, तो कॅसेट आत गेल्यावर या तुकड्याला चाचपतो. तुकडा असेल तर रेकॉर्डिंग होतं. तो पेचकसने मोडून टाकला की खटका रिकाम्या जागेत पडतो आणि यंत्र रेकॉर्ड करायला नकार देतं. म्हणजे तुमचं आवडतं रेकॉर्डिंग सुरक्षित. पुढे मन बदललं, तर त्या खळग्यावर सेलोटेप चिकटवायची, की कॅसेट पुन्हा भरायला तयार.

माझ्यासाठी कुलपाचा इतिहास इथून सुरू होतो. हे कुलूप लावणारा आणि काढणारा माणूस एकच होता, ज्याची कॅसेट तो. किल्ली म्हणजे सेलोटेप. कुलूप लावलं नाही तर नुकसानही त्याचंच.

आमच्याकडे ते झालं. २२ एप्रिल १९९८. शारजा. भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. धुळीचं वादळ येऊन मॅच थांबली आणि पडद्यावर सगळं भुरकट झालं, तेव्हा शेजारच्या आजोबांना वाटलं अँटेना हलला. वादळ निवलं आणि सचिन असा काही खेळू लागला, की माझ्या चुलतभावाने हाताला लागेल ती कॅसेट व्हीसीआरमध्ये सारली आणि लाल बटण दाबलं. ती काका-काकूंच्या लग्नाची कॅसेट होती. तिचा तुकडा कुणी मोडलेला नव्हता.

आजही ती कॅसेट आहे. अक्षता पडतात, सनईचा सूर लागतो, काकूंचे वडील डोळे पुसत असतात, आणि एका झटक्यात टोनी ग्रेग किंचाळायला लागतो. सप्तपदी सचिनच्या १४३ धावांखाली गेली. काकू अजूनही क्रिकेट बघत नाहीत.

अमेरिकेतला खटला आणि न दिसणाऱ्या रेषा

हे सगळं आमच्याकडे कौटुंबिक भांडणाच्या पातळीवर असताना अमेरिकेत त्यावर आठ वर्षं खटला चालून गेला होता. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स बाजारात आणला आणि १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन स्टुडिओंनी सोनीवर दावा लावला. म्हणणं असं, की लोक घरी बसून आमचे कार्यक्रम रेकॉर्ड करतात, ही चोरी आहे आणि यंत्र विकणारी कंपनी त्यात सामील आहे. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने निकाल दिला. रात्रीचा कार्यक्रम सकाळी बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा रास्त वापर आहे, असं न्यायालयाने म्हटलं. एक न्यायाधीश तिकडे गेला असता, तर घरातला व्हीसीआर कदाचित बेकायदा वस्तू ठरला असता.

न्यायालयात हरल्यावर व्यवसायाने इंजिनिअरांकडे मोर्चा वळवला. १९८३ साली स्थापन झालेल्या मॅक्रोव्हिजन नावाच्या कंपनीकडे एक युक्ती होती. १९८५ मध्ये 'द कॉटन क्लब' या सिनेमाच्या कॅसेटवर ती पहिल्यांदा वापरली गेली.

ती समजायला टीव्हीचं चित्र कसं बनतं ते बघू. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीत एक चित्र ६२५ आडव्या रेषांचं असायचं. त्यातल्या ५७६ दिसायच्या. उरलेल्या पन्नासेक रेषा पडद्याच्या बाहेर, चित्र खालून वर परतताना वाया जायच्या. व्हीसीआरमध्ये एक भाग असतो, तो येणारा सिग्नल फार तीव्र असेल तर कमी करतो, मंद असेल तर वाढवतो. आपल्या घरातल्या व्होल्टेज स्टॅबिलायझरसारखंच काम. मॅक्रोव्हिजनने त्या न दिसणाऱ्या रेषांमध्ये प्रखर उजेडाचे खोटे ठोके भरले. व्हीसीआरला वाटतं, सिग्नल फारच तीव्र आहे, आणि तो सगळं चित्र अंधारं करतो. मग ठोके कमी होतात, चित्र उजळतं. पुन्हा वाढतात, पुन्हा अंधारतं. टीव्हीचा हा भाग वेगळ्या पद्धतीने काम करतो, त्यामुळे मूळ कॅसेट टीव्हीवर नीट दिसते. कॉपी मात्र श्वास घेतल्यासारखी उजळत-विझत राहते.

अमेरिकेत यावर उपाय म्हणून एक डबी विकली जाई. ती ते खोटे ठोके पुसून टाकायची. तिला नाव होतं 'व्हिडिओ स्टॅबिलायझर'. पुसदमध्ये स्टॅबिलायझर म्हटलं की फ्रिजशेजारचा तो टकटक करणारा डबा, एवढंच.

पुसदमधलं मॅक्रोव्हिजन

पण मॅक्रोव्हिजन पुसदला आलं. फक्त कुणी ते ओळखलं नाही.

शतक उलटल्यावर आमच्याकडे डीव्हीडी प्लेअर आला. घरातला टीव्ही जुना, त्याला मागे फक्त अँटेनाची एकच खाच. डीव्हीडी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी लावायला जागाच नाही. मग जुगाड केला: डीव्हीडी प्लेअर व्हीसीआरला जोडायचा आणि व्हीसीआर टीव्हीला. तसा अनेक घरांत केला गेला. भावाने मोठ्या हौसेने एक ओरिजिनल इंग्रजी डीव्हीडी विकत आणली होती. लावली, तर चित्र अंधारायचं, उजळायचं, पुन्हा अंधारायचं.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने व्हीसीआर उघडला, स्पिरिट लावून हेड साफ केलं, वायरी बदलल्या. काही फरक नाही. मग त्याने त्याच्या पिशवीतली एक व्हीसीडी लावून पाहिली. बाजारात मिळायची तशी, पॉलिथिनच्या पाकिटात, झेरॉक्स केलेलं कव्हर असलेली. ती स्वच्छ चालली. मेकॅनिकने निदान केलं: "तुमची सीडीच खराब हाय. दुकानदाराले वापस करा."

डीव्हीडी खराब नव्हती. तिच्यावरच्या खुणेमुळे प्लेअर सिग्नलमध्ये मॅक्रोव्हिजन मिसळत होता आणि मधला व्हीसीआर नेमून दिल्याप्रमाणे फसत होता. आम्ही कॉपी करत नव्हतो, नुसतं बघत होतो. यंत्राला हा फरक कळत नाही. चोरीच्या व्हीसीडीवर ती खूणच नव्हती, म्हणून ती नीट चालली. पूर्ण किंमत मोजणाऱ्याला अंधारं चित्र आणि वीस-तीस रुपयांत पाकीट घेणाऱ्याला लख्ख. कुलपाने चोर अडला नाही, गिऱ्हाईक अडलं. भावाने ती डीव्हीडी परत केली आणि पुन्हा कधी ओरिजिनल आणली नाही.

कायदा काय म्हणत होता?

आपल्याकडे व्हिडिओ चोरीला आळा घालायचा प्रयत्न आधी यंत्रातून नव्हे, तर पोलिसांकडून झाला. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ कॅसेटचा वेगळा विचार आला. कॅसेटवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता देणं बंधनकारक झालं. शिक्षा कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं अशी कडक झाली. २००९ साली महाराष्ट्राने आणखी पुढचं पाऊल टाकलं. पेपरात 'एमपीडीए' म्हणून वाचतो त्या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या नावात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या शेजारी 'व्हिडिओ पायरेट्स' जाऊन बसले. रोख अर्थातच धंदा करणाऱ्यांवर होता.

घरी बसून स्वतःसाठी रेकॉर्ड करणाऱ्याचं काय? टीव्हीवरच्या कार्यक्रमावर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक तो दाखवणाऱ्या चॅनलचा, प्रसारणावरचा हक्क. दुसरा कार्यक्रम किंवा सिनेमा बनवणाऱ्याचा. पहिल्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९९४ साली दुरुस्त झालेलं कलम ३९ म्हणतं, की स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेलं ध्वनी किंवा दृश्य रेकॉर्डिंग हा प्रसारकाच्या हक्काचा भंग नाही. दुसऱ्याबद्दल बरीच वर्षं पळवाटीसारखी जागा होती. कलम ५२ मधली खाजगी वापराची सवलत पुस्तकं, नाटकं, संगीत, चित्रं यांना होती, सिनेमाचं नाव त्यात नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीने ती सवलत संगणक प्रोग्रॅम सोडून सगळ्या कृतींना दिली.

म्हणजे आत्याने लाल बटण दाबून भजन साठवलं, ते कायद्याला मान्य होतं.

त्याच २०१२ च्या दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, ६५ए. हक्काचं उल्लंघन करण्याच्या हेतूने जो असं तांत्रिक कुलूप तोडेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथे भारताने अमेरिकेपेक्षा मवाळ वाट धरली. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात, काही अपवाद सोडले तर, कुलूप तोडणं हाच गुन्हा. आपल्याकडे हेतू बघतात, आणि कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप काढायला मुभा आहे. मात्र दुसऱ्या कुणाला ते काढून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची. पुसदच्या टीव्ही मेकॅनिकने टेबलावर वही ठेवली आहे आणि तीत लिहितो आहे, 'काकू, कारण: भजन', हे चित्र मला फार आवडतं. पण कायद्याने मुभा दिली तरी डिजिटल कुलूप काढायचं साधन त्या मेकॅनिककडे कुठून येणार?

बॉक्स आला, कुलूप आत गेलं

डीटीएच भारतात २००३ पासून. केबलचं डिजिटल होणं टप्प्याटप्प्याने: ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईसह चार महानगरं, मार्च २०१३ पर्यंत नागपूर-पुण्यासारखी ३८ शहरं, आणि मग पुसदसारख्या नगरपालिकांच्या गावांसाठी डिसेंबर २०१५ ची मुदत. प्रत्येक टीव्हीखाली एक बॉक्स आला.

या बॉक्सपर्यंत येणारा सिग्नल आता मोकळा नव्हता. तो गुंतागुंतीच्या आकड्यांमध्ये मिसळून यायचा आणि तुमच्या बॉक्सला, तुमच्या चालू पॅकला तो सोडवायची किल्ली मिळायची. रिचार्ज संपला की किल्ली बंद. मॅच बघताना पडद्यावर मधेच उमटणारा आणि पुसला जाणारा आकडा तुम्ही पाहिला असेल. तो बिघाड नव्हे. कुणी ते चित्र चोरून पुढे पाठवलं, तर कुठल्या बॉक्समधून गेलं हे शोधायची ती खूण.

रेकॉर्डिंगसाठी तर दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमांतच लिहिलं आहे, की ज्या सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असेल, त्यात कॉपी रोखणारी व्यवस्था असलीच पाहिजे. त्यामुळे बॉक्समधलं भजन हार्ड डिस्कवर असतं, पण कुलूपबंद. ती डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली, तर मोठमोठ्या फायली दिसतील आणि एकही चालणार नाही. किल्ली त्या एका बॉक्सपाशी. बॉक्स मेला की फायलीही मेल्या.

एकीकडे कायदा म्हणतो, स्वतःसाठी रेकॉर्ड करा. दुसरीकडे नियम म्हणतो, रेकॉर्डरला कुलूप लावा. दोन्ही आपापल्या जागी खरे. पैसे ओतून कार्यक्रम बनवणाऱ्यांना चोरीची भीती खरी आहे. मराठी सिनेमा पहिल्याच आठवड्यात मोबाईलवर फिरायला लागला की निर्माता बुडतो, हेही खरं. पण मधल्या मधे आत्याला दिलेली परवानगी कागदावर राहते. कॅसेटचा तुकडा मोडायचा की नाही, हे ती ठरवू शकत होती. इथे तिला विचारलंच गेलं नाही.

हे अटळ होतं असंही नाही. जपानने २००४ साली फुकट दिसणाऱ्या डिजिटल टीव्हीवरही एकदाच कॉपीचा नियम लावला. रेकॉर्डरमधला कार्यक्रम डिस्कवर घेतला की मूळ पुसलं जायचं. डिस्क बिघडली तर सगळंच गेलं. लोकांनी तक्रारी केल्या आणि २००८ च्या जुलैपासून एका रेकॉर्डिंगवरून दहा कॉपींची मुभा मिळाली. कुलूप राहिलं, पण घरच्यांना काही किल्ल्या मिळाल्या. आपल्याकडे तर दूरदर्शनच्या फुकट 'डीडी फ्री डिश'चं बरंचसं प्रसारण बिनकुलपाचंच होतं. बाजारातल्या साध्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावून लोकांनी ते रेकॉर्ड केलं आहे.

जपून कोण ठेवतं?

यावर नेहमीचं उत्तर असतं, की कार्यक्रम बनवणाऱ्याकडे मूळ प्रत असतेच की. तुम्हाला कशाला हवी?

नसते. सुरुवातीच्या काळात टेप महाग होती. एक कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून दुसरा भरायचा, हे दूरदर्शनवर झालं आणि श्रीमंत बीबीसीतही झालं. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असे नाहीसे झाले. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. कारण तेव्हाच्या काही पोरांनी घरच्या टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून तो टेपवर घेतला होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरातल्या अनेक व्हीसीआरवर रात्रंदिवस बातम्या रेकॉर्ड केल्या. सुमारे ७० हजार कॅसेट. त्यांचं घर म्हणजे वेडेपणाचं गोदाम, असं वाटणाऱ्यांना नंतर कळलं, की यातलं बरंचसं चॅनलांकडेही नाही. आता ते इंटरनेट अर्काइव्हकडे आहे.

यूट्यूबवर आज ऐंशीच्या दशकातलं दूरदर्शन, जुन्या जाहिराती, निवेदिकांचे चेहरे जे दिसतात, त्यातलं बरंच काही कुणाच्या तरी घरच्या व्हीएचएसवरून आलं आहे. चित्र हलतं, कडेला रंग पसरतो, आणि मधेच कळतं, की याच्याखाली आधी दुसरं काहीतरी भरलेलं होतं. त्या माणसांनी कुणाची परवानगी विचारली नव्हती आणि त्यांना ती विचारावी लागेल असं यंत्रही तेव्हा नव्हतं.

मोठ्या चॅनलच्या लोकप्रिय मालिका टिकतील. त्यांना बाजार आहे. पण दुपारच्या वेळेत लागलेला, पुसदच्या बारा बायकांचा सात मिनिटांचा भाग कोण जपेल? आत्याने एका ओळखीच्या मुलाकडून चॅनलच्या ॲपवर शोधून पाहिलं. तो कार्यक्रम तिथे नाही. चॅनलला पत्रही पाठवलं. उत्तर आलं नाही. त्या बारा जणींपैकी दोघी आता नाहीत. पेटी वाजवणाऱ्या काकू त्यातल्या एक.

काळ्या चौकोनाला फट

ओटीटीने ही साखळी पूर्ण केली. मोबाईलच्या चिपमध्येच एक बंद कप्पा असतो, चित्र तिथे उलगडतं आणि थेट पडद्यावर जातं. स्क्रीनशॉट काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दिसतच नाही, म्हणून काळा चौकोन. डाऊनलोड केलेला सिनेमाही तुमच्या फोनमध्ये असतो तो मुदतीने. ॲपने ठरवलं की तो गेला. व्हीसीआरला फसवणाऱ्या त्या पन्नास रेषांपासून इथवर यायला साधारण तीस-पस्तीस वर्षं लागली.

पण या सगळ्या कुलपांना एक फट आहे आणि ती बुजवता येत नाही. चित्र शेवटी माणसाच्या डोळ्याला दिसावंच लागतं. आणि डोळ्याला दिसतं ते कॅमेऱ्यालाही दिसतं. तंत्रज्ञ मंडळी तिला 'ॲनालॉग होल' म्हणतात.

आत्याच्या भजनाचं जे उरलं आहे, ते त्या फटीतून आलेलं आहे. कार्यक्रम पहिल्यांदा लागला त्या दिवशी शेजारच्या दहावीतल्या मुलाने टीव्हीसमोर मोबाईल आडवा धरून स्टेटसला टाकायला व्हिडिओ काढला होता. तो त्याच्या जुन्या फोनमध्ये सापडला. एक्केचाळीस सेकंद. पडद्यावर ट्यूबलाईटची रेघ आहे, कोपऱ्यात दिवाणाचा कठडा दिसतो, स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी येते. सुरुवातीलाच कुणीतरी म्हणतं, "आवाज वाढव ना बे." मग पेटी नीट ऐकू येते.

आत्याने तो व्हिडिओ सगळ्या जणींना पाठवला. माझ्याकडेही आहे, भावाकडेही आहे, पेनड्राइव्हवर एक प्रत आहे. परवा तिने फोन करून विचारलं, हा तर पुसला जाणार नाही ना? मी म्हटलं, नाही, याला कुलूप नाही. ती म्हणाली, "मंग अजून एक कॉपी मारून ठेव."